घोडी माझी, पाठ ओनेझीमची

माझा आतेभाऊ ओनेझीम लमेल सिनेमात आहे. म्हणजे त्याची पाठ आहे. तोंड कुठेच दिसत नाही. तेवढ्या पाठीवर तो मरेपर्यंत भाव खात राहिला, आणि मी अजून जळतोय. का नाही जळणार? त्या पाठीखालची घोडी माझी आहे.

ओनेझीम शाळेची बस चालवायचा. पण रविवारी आमच्या मंडळाची घोडेस्वारी निघाली, पुढच्या गाडीवर अकॉर्डियन वाजायला लागलं, की हा कडक इस्त्रीचा शर्ट घालून असा यायचा, जणू मिरवणूक त्याच्यासाठीच काढलीय. लहानपणापासून तेच. टोपी माझ्या डोक्यावर नुसती टोपी दिसायची. तीच त्याने घातली की बायका वळून बघायच्या. माझी बायको व्हर्लिनसुद्धा! "नेझीमभावजी बघा कसे ताठ बसतात. नाहीतर तुम्ही! घोडीवर पोतं टाकल्यासारखे."

मग बेलरीव्हच्या हवेलीत सिनेमावाले आले. आमचा पणजोबा तिथेच गुलाम म्हणून जन्मला, तिथल्याच उसात चाबूक खाऊन म्हातारा झाला. सिनेमाही गुलामीच्या काळातला: एक गुलाम पळून जातो आणि वाइनच्या रंगाचा मखमली कोट घालून, घोड्यावरून सूड घ्यायला परत येतो. हीरोला घोड्याची भीती वाटायची, म्हणून दिग्दर्शक बाई आमच्या रविवारच्या स्वारीत माणूस शोधायला आल्या. माझी तांबूस घोडी प्रालीन त्यांना बघताक्षणी आवडली. मी छाती काढून उभा राहिलो. बाईंनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाल्या, "घोडी ही. आणि स्वार ते."

ते म्हणजे अर्थात ओनेझीम.

शूटिंगच्या दिवशी अख्खं मंडळ बूदँ सॉसेज खात कुंपणाशी उभं होतं. काम एवढंच, की ओनेझीमने भरधाव येऊन हवेलीच्या फाटकातून थेट पायऱ्यांपर्यंत जायचं. तो आला, कोट उडत होता, आणि दिसत होता असा की माझ्या पोटात दुखायला लागलं. फाटकाशी प्रालीन खाडकन थांबली. ओनेझीम तिच्या मानेवर आदळला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच.

"भावजी, फाटकाला घाबरलात की काय?" व्हर्लिन ओरडली. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

कारण मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांच्या तरुणपणी आपल्या काळ्या माणसाने बेलरीव्हच्या फाटकासमोरून घोड्यावर बसून जायचं नाही, उतरून पायी जायचं, असा दंडक होता. वडिलांनी मला तसंच शिकवलं. मालक गेले, हवेली लग्नांना भाड्याने जायला लागली, ओनेझीम तर तिथून शीळ घालत जायचा. मी मात्र दर रविवारी खोगिराचा तंग आवळायचं निमित्त काढून तिथे उतरायचो. नऊ वर्षं. घोडी शिकणारच. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी गप्प राहिलो, आणि मला मजा वाटत होती.

शेवटी बाई कंटाळल्या. "घोडी ज्याची आहे, त्यालाच बसवा."

ओनेझीमने स्वतः कोट काढून मला घातला, बटणं लावली. "ताठ बस, क्लिओफस. पाठ दिसणार आहे." टोमणा नव्हता तो. त्याचाच मला जास्त राग आला.

मी दौडत निघालो. फाटक आलं. प्रालीन थांबली. आणि खाली बघतो तर माझा उजवा पाय रिकिबीतून कधीच बाहेर निघालेला.

हसू थांबलं नव्हतं, पण ओनेझीमने तो पाय बघितला होता. त्याने येऊन लगाम धरला.

"हिला तू शिकवलंस?"

"हो."

"आणि तुला मामांनी."

"हो."

"आणि मी तीनदा मरता मरता वाचलो, तरी तोंड उघडलं नाहीस."

वाटलं, आता कानाखाली बसणार. तो बाईंकडे वळला. "अर्धा तास द्या." मग मला उतरवून त्याने प्रालीनला हाताने धरून फाटकातून आत नेलं, बाहेर आणलं, पुन्हा आत. किती वेळा ते मोजलं नाही. मग म्हणाला, "आता तू बस. तू नेल्याशिवाय तिला खरं वाटणार नाही. पाय रिकिबीत ठेव, लेका."

कॅमेरा बंद होता. मंडळी पांगली होती. ओनेझीम फाटकात उभा राहिला आणि मी आत गेलो, पार पायऱ्यांपर्यंत. तिथे मी रडलो.

खाली उतरून मी कोट त्याला परत दिला. त्याचं काम पहिल्याच फटक्यात झालं.

तो गेल्या वर्षी वारला. सिनेमा टीव्हीवर लागला की व्हर्लिन अजून म्हणते, "बघा, कसे ताठ बसलेत!" मी बघतो, आणि जळतो. त्या दिवशी आत जाताना माझी पाठ फक्त त्याने पाहिली होती. ती ताठ होती का, हे विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही.