मागची भिंत

डोंगरातल्या ऐत वरगान गावच्या शाळेत कुणी कुठं बसायचं हे शेगडी ठरवायची. हिवाळ्यात पोरं घरून सरपण आणत. ज्याच्या बापाचं सरपण जास्त, तो शेगडीपाशी, फळ्यासमोर. विधवा इत्तोची पोर तूदा झोळीभर काटक्या आणायची, म्हणून शेवटच्या बाकावर बसायची. हा नियम कुणी केला नव्हता, आणि हद्दू मास्तरांनी एकोणीस वर्षांत तो मोडलाही नव्हता.

मास्तर वाईट नव्हते हो. गुडघाभर बर्फातही शाळा चुकवायचे नाहीत, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. तूदाबद्दल मात्र त्यांचं मत ठरून गेलेलं. "हिच्या डोक्यात काही शिरत नाही," असं ते इत्तोला तोंडावर सांगायचे.

"सहावी पास झाली तर ठीक," इत्तो म्हणायची, "नाहीतर मेकनेस शहरातली माझी मावसबहीण तिला घरकामाला न्यायला टपलेलीच आहे."

डिसेंबरात तपासणीला शाळा निरीक्षक नेझाबाई आल्या. मास्तरांनी शेगडीजवळ खुर्ची मांडली, पुदिन्याचा चहा ठेवला. बाई सरळ मागे जाऊन तूदाशेजारी बसल्या. तासाभरानं उठल्या तेव्हा त्यांचं नाक थंडीनं लालबुंद झालं होतं.

"मास्तर, शिकवता छान. पण फक्त पहिल्या दोन बाकांना."

मास्तरांना मिरच्या झोंबल्या. "एकोणीस वर्षं शिकवतोय मी, बाई!"

"मग आता एक तास तिथं बसून बघा."

शाळा सुटल्यावर, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, ते तूदाच्या जागी बसले. खिडकीतला उजेड फळ्यावर असा चमकत होता की स्वतःचंच अक्षर लागेना. बोटं गारठली. एवढी वर्षं अर्ध्या वर्गाला ठोंबे म्हणत आलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

रविवारी त्यांनी मागची भिंत काळी रंगवली आणि शेगडी मधोमध ओढली. सोमवारपासून एक दिवस या भिंतीवर धडा, दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवर. पोरं नुसती वळून बसत. मास्तरही जागचे हलले. तूदा चुकली की रागावायच्या आधी "असं का लिहिलंस गं?" म्हणून विचारू लागले, आणि तिची उत्तरं ऐकून आपलं शिकवणं कुठं कच्चं आहे ते त्यांनाच कळू लागलं.

गावातला मोठा मेंढरंवाला मोहा तणतणत आला. "खेचरभर लाकडं मी धाडतो, आणि माझा पोरगा दिवसाआड मागं?"

"लाकडं शाळेला आलीत, मोहा. परत हवी असतील तर खेचर घेऊन ये."

मोहाचं खेचर काही आलं नाही.

उन्हाळ्यात सहावीचा निकाल घेऊन नेझाबाई स्वतः डोंगर चढून आल्या. सवयीनं मागच्या बाकाकडे निघाल्या आणि मध्येच थबकल्या.

"मास्तर, यातलं मागचं बाक कुठलं?"

"शोधा. सापडलं तर मलाही दाखवा," मास्तर म्हणाले.

अकराच्या अकरा पोरं पास झाली होती. मोहाचा पोरगा चौथा आला होता, तूदा दुसरी. दारात उभ्या इत्तोनं पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली, मग फोन काढला आणि पलीकडच्या डोंगरावर हाक मारावी तशा आवाजात मेकनेसला बोलली.

"घरकामाला दुसरी कुणीतरी बघ बाई! आमची तूदा सातवीत गेली. आणि हो, तुझ्या पोराचं गणित कच्चं आहे म्हणालीस ना? दे पाठवून सुट्टीत. तूदा घेईल त्याच्याकडून करून!"