उपरणंवाला आणि शिंग्या

इंग्लंडला निघायच्या दिवशी आमच्या साताऱ्याच्या घरात माझी बॅग वजनकाट्यावर चढत-उतरत होती. आई भाजणीचं पाकीट आत घालायची, मी एखादा स्वेटर बाहेर काढायचे. शेवटी मी माझा जुना, खेळण्यातला सुपरहिरो हळूच एका बुटात कोंबला. बाबांनी तो पाहिला, काढून घेतला आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला. "राहू दे इथंच. तिकडं याला कोण ओळखणार?" मी बॅगेची चेन ओढली. मी तशी कमीच बोलते. आमच्या घरात बोलण्याचं काम बाबांकडे होतं.

तो सुपरहिरो संध्याकाळी लागणाऱ्या इंग्रजी कार्टूनमधला. मी इंग्लिश मीडियमची, मला संवाद कळायचे. बाबांना त्यातलं अक्षरही कळत नसे, तरी ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन शेजारी बसायचे. ती लोडशेडिंगची वर्षं होती. मारामारी रंगात आली, हिरोने हवेत झेप घेतली, की तिथंच पडदा काळा. मी रडकुंडीला यायचे. मग बाबा म्हणायचे, "थांब, मला माहितीये पुढं काय होतं."

त्यांना अर्थातच काही माहीत नसायचं. हिरोच्या केपला ते उपरणं म्हणायचे, हिरोला उपरणंवाला आणि शिंगं असलेल्या खलनायकाला शिंग्या. आमच्या गल्लीतल्या दुकानात त्या सिरीजमधली ही दोनच खेळणी आली. पाकिटाच्या पुठ्ठ्यामागे बाकीच्यांची चित्रं होती. बाबांनी ती कापून काड्यापेट्यांवर चिकटवली आणि टीम पूर्ण केली. उपरणंवाल्याचा हात तुटला तेव्हा आईने गॅसवर सुरी तापवून तो जोडला. तेव्हापासून तो हात वरच राहिला, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा.

बाबांच्या गोष्टीत शेवटी उपरणंवाला शिंग्याला घरी घेऊन यायचा. "आधी जेवायला बसव त्याला. उपाशी माणसाशी भांडू नये." शिंग्याला वाटीसमोर बसवलं की तो आपण का चिडलोय ते सांगायचा. कधी त्याच्या गल्लीत पाणी येत नसे, कधी त्याला कुणी लग्नाला बोलावलेलं नसे. कारण सांगून होईपर्यंत लाइट आलेली असायची, पण टीव्ही लावायचं आम्हाला आठवत नसे.

मिल्टन कीन्सला आले तेव्हा ऑफिसात टॉमच्या डेस्कवर, मॉनिटरखाली, ती अख्खी सिरीज रांगेत उभी दिसली. इथे तर उपरणंवाल्याला सगळेच ओळखत होते. "तुमच्याकडेही लागायचं हे?" टॉमने विचारलं. "हो, अर्धं लागायचं," मी म्हणाले. तो हसला. पुढचं अर्धं त्याला इंग्रजीत कसं सांगायचं, हे मला सुचलं नाही. तुमच्यापैकी जे घर सोडून लांब आलेत, त्यांच्याकडेही असं एखादं अर्धं असेल.

मागच्या हिवाळ्यात बाबांना स्ट्रोक आला. मी गेले, रजा संपली, परत आले. निघताना ती दोन खेळणी त्यांच्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवून आले. बाबा आता धरून थोडं चालतात. बोलणं मात्र परत आलं नाही. दर रविवारी, त्यांच्या जेवणाच्या वेळी, आई फोन तांब्याला टेकवून ठेवते. "बोल गं, हे ऐकतायत." मी काय बोलणार? रेडवेने, म्हणजे इथल्या लाल पायवाटेने, चालत ऑफिसला जाते. पाऊस आहे. बरी आहे. माझं संपतं, आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसतो.

त्या बसण्याला घाबरून एका शनिवारी मी ते कार्टून ऑनलाइन शोधलं. सगळे भाग होते. दुपारभर पाहिले, लाइट एकदाही गेली नाही. उपरणंवाल्याने शिंग्याला एका फटक्यात ढिगाऱ्याखाली गाडलं, कुणीतरी विनोद केला आणि नावं सुरू झाली. पुढच्या भागात तेच. मी लॅपटॉप मिटला. हे शेवट मला नको होते, आणि बाबांचे मला पुरते आठवत नव्हते. विचारायची सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलवर मी म्हटलं, "बाबा, काल आपलं कार्टून पाहिलं." आणि अडखळत सांगत सुटले. शिंग्याने पूल उचलला, लोक पळाले, उपरणंवाल्याने झेप घेतली. तिथं मी थांबले. मला तेवढंच येत होतं.

"लाइट गेली का गं तुझ्याकडं?" आईने विचारलं.

"हो. बाबा, पुढं?"

बाबांचे ओठ हलले. शब्द आला नाही. मग त्यांनी डाव्या हाताने औषधांच्या डब्याकडे चाचपायला सुरुवात केली. "अहो, गोळ्या झाल्यात सकाळच्या," आई म्हणाली. त्यांनी शिंग्याला उचललं आणि आपल्या मऊभाताच्या वाटीसमोर बसवलं. तो कलंडला. त्यांनी पुन्हा बसवला, वाटी थोडी त्याच्याकडे सरकवली आणि माझ्याकडे पाहत राहिले.

इथे कुणी "होम" विचारलं की मी पटकन सातारा म्हणते. पण मला वाटतं, घर म्हणजे लाइट गेल्यावर पुढचं सांगणारं माणूस. ते माणूस आता स्क्रीनवर माझी वाट बघत होतं.

मी घसा खाकरला.

"बाबा, त्याला ना," मी म्हणाले, "कुणी लग्नाला बोलावलंच नव्हतं."