मांडणीतले मामंजी

माझे सासरे वारल्यानंतर चार वर्षांनी आमच्या मांडणीत राहायला आले. निदान आठवडाभर माझी तशी पक्की खात्री होती.

मलकापुरातलं आमचं घर दोन खोल्यांचं. दारामागं मामंजींची लष्करातली लोखंडी ट्रंक, येता-जाता नडगी फोडणारी. (ते सुभेदार म्हणून रिटायर झाले, ट्रंक झालीच नव्हती.) त्यात मी मोबाईलवर 'कमी खर्चात, निसर्गाला धरून घर कसं आवरावं' असले व्हिडिओ बघून पेटले होते. वडूजला माहेरच्या बांधावर बांबूचं बेट आहे. तिथले हिरवे बांबू तोडून आणले, जुन्या साड्यांच्या दोऱ्या वळल्या आणि भिंतीभर मांडणी उभी केली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावी गेल्या होत्या. तेवढ्यात ट्रंक भंगारात घातली आणि मामंजींचा गणवेश घडी करून मांडणीत ठेवला.

आत्याबाईंनी आल्या आल्या विचारलं, "ट्रंक कुठं हाय?"

"रंगवायला दिलीय."

पुढं दोन महिने ट्रंकेचा रंग वाळत होता.

मग एका दुपारी, आत्याबाई आतल्या खोलीत पडलेल्या असताना, आवाज आला. कुर्र... कुर्र. थांबला. पुन्हा कुर्र. गणवेशाच्या मागून. जवळ गेले तर गणवेशावर चिमूटभर पांढरट भुकटी, अंगाऱ्यासारखी. पुसली. दुसऱ्या दिवशी तिथंच, तेवढीच.

आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "उंदीर असंल."

"उंदीर अंगारा देतो व्हय?"

त्या दिवसापासून ते त्या भिंतीला पाठ करून जेवेनात.

शेवटी मी उदबत्ती लावली, मांडणीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मामंजी, चुकले. ट्रंक मी भंगारात घातली." आवाज बंद. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या दुपारी पुन्हा कुर्र. मग आत्याबाईंच्या बहिणीचा फोन मुद्दाम उचलला नव्हता, ते सांगितलं. बंद. तिसऱ्या दिवशी, त्यांची लोणच्याची बरणी मांजरानं नाही, मी फोडली, ते. सहाव्या दिवसापर्यंत माझी पापं संपत आली. मग लग्नाआधीची काढली.

सातव्या दिवशी वडूजहून माझा भाऊ आला. त्यानं बांबूवर टिचकी मारली. बारीक भोकातून एक काळा भुंगेरा बाहेर आला, भुकटी झटकली आणि चालायला लागला.

"आक्के, बांबू पाण्यात भिजत न टाकता तसाच बांधलास? आतनं समदा पोखरलाय की. हात लागला की घटकाभर गप बसतंय, मग पुन्हा कुरतडतंय."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच फतकल मारून बसले. आत्याबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"आत्याबाई, कीड हाय ती," मी म्हणाले.

"व्हय. मला पयल्या दिवशीच कळलं हुतं."

"मग आवं, बोलला का न्हाई?"

आत्याबाईंनी भावापुढं कप ठेवला. "तू रोज दुपारी एवढं मनापासनं सांगत हुतीस. आत पडल्या पडल्या समदं ऐकू येत हुतं. म्हटलं, सून आपल्या तोंडानं बोलतीया, तवर असू दे कीड."