काकांची तहकूब सभा

"अहो भाऊसाहेब, गंज पेटली! बादल्या घेऊन पळा की!" सरपंच धोतराचा सोगा हातात धरून बोंबलत होते. त्यांच्याच कडब्याची गंज धडधडत होती, आणि गावचे ग्रामसेवक, म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान, चावडीच्या पायरीवर एक बोट वर करून शांत उभे होते. "विझवायची, हे तत्त्वतः मान्य," ते म्हणाले. "पण कोणी, कशाने आणि कोणाच्या अधिकारात, हे आधी ठरू द्या. धोरणावाचून ओतलेलं पाणी म्हणजे नुसता चिखल!" धोरण ठरेपर्यंत गंजीने आपला प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला. दुसऱ्या दिवशी काका राखेभोवती फेऱ्या मारून मूल्यमापन करत होते आणि सरपंच त्यांच्यामागून हाताला बसेलसा धोंडा शोधत फिरत होते.

धोरण ठरल्याशिवाय जांभईसुद्धा न देणारा माणूस घडवून ब्रह्मदेवाने नगर जिल्ह्यावर कुठला सूड उगवला होता, देव जाणे. लग्नात हा माणूस बरा होता म्हणतात. पुढे सरकारने त्याला नगरला कसल्याशा प्रशिक्षण शिबिराला धाडलं आणि तिथे त्याला राज्यकारभाराची बाधा झाली. कुणाला भुताची होते, कुणाला आसरांची होते. आमच्या काकांना अंमलबजावणीची झाली. परत आले ते घरात पाऊल टाकतानाच "उत्तरदायित्व!" असं म्हणाले. मावशीला वाटलं, शिंकले. तिने सुंठ उगाळून दिली.

त्याच आठवड्यात काकांनी स्वयंपाकघराचं विकेंद्रीकरण केलं. चुलीपासून उखळापर्यंतचे सगळे अधिकार मावशीकडे सोपवले आणि साखरेच्या डब्याची किल्ली मात्र जानव्याला बांधून टाकली. मावशी म्हणाली, "अदिकार माझ्याकडं आन् किल्ली तुमच्याकडं, व्हय?" काका कौतुकाने म्हणाले, "शिबिर न करता तुला कळलं बघ! यालाच राज्यकारभार म्हणतात." पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी हरकत नोंदवण्याची संधी मिळे. चहा नको, ताक बरं, असा पर्याय सुचवणाऱ्याचं ताकही मग चर्चेत आंबून जाई.

एकदा बैल घ्यायला घोडेगावच्या बाजारात गेले. मी सोबत होतो, हे माझं प्राक्तन. "आधी गरज, मग पर्याय, मग निकष, मग निवड," असं घोकत ते बाजारभर फिरले. एका खिलारी गोऱ्ह्यापाशी त्यांनी एवढा वेळ तुलनात्मक विचार केला, की मी शपथेवर सांगतो, सकाळी ज्याला दोन दात होते त्याला तिन्हीसांजेला शिंगांवर सुरकुत्या पडल्या होत्या. व्यापारी शेवटी हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, बैल न्हाई तर मला घेऊन चला, पर आता सोडा." आम्ही रिकामे दावे घेऊन चालत घरी आलो. वाटेत काका समाधानाने म्हणाले, "प्रक्रिया मात्र निर्दोष झाली."

अशा माणसाच्या हाती गाव असताना बहात्तरचा दुष्काळ पडला. गावविहिरीच्या तळाशी चिखलसुद्धा उरला नाही. टँकर यायचा तो चौकात थांबायचा आणि ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या बायांची पाळी येईतो त्याच्या तोटीतून नुसती हवा यायची. मग त्या बाया ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरायच्या. अशात वर्दी आली, की उद्या बोअरची गाडी येणार, गावाला एकच बोअर मिळणार. पाणी बघणाऱ्या साहेबांनी दोन जागा सारख्याच चांगल्या ठरवल्या होत्या. एक सरपंचांच्या वाड्यासमोर, दुसरी ओढ्यापलीकडे वस्तीपाशी. ग्रामसभेने एक निवडायची. सांजेपर्यंत निवड झाली नाही, तर गाडी पुढच्या गावाला जाणार.

निवड कसली? सरपंचांनी आपल्या दारातली जागा सारवून, वर रांगोळी काढून ठेवली होती.

सकाळी चावडीपुढे सगळं गाव जमलं. वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कडेला भिंतीशी टेकल्या. सरपंच उठून म्हणाले, "हात वर करा आन् मोकळं व्हा." काकांनी बोट वर केलं. हे बोट मी ओळखत होतो.

"आधी प्रश्नाची व्याख्या," काका म्हणाले. "तहान म्हणजे काय?"

"आयला, ह्यांना कुनी तरी तहान दाखवा रं!" मागून कुणी तरी ओरडलं.

काका ढळले नाहीत. तहान झाल्यावर लोकहित आलं. लोकहितात लोक म्हणजे कोण, हे आलं. मग निकष आले, निकषांना पोटनिकष झाले, पोटनिकषांना बाळंतपणं झाली. ऊन असं तापलं, की चावडीच्या पत्र्यावरचे कावळे एका पायावर उभे राहून पाय बदलत होते. मी हात जोडले, "काका, गाडी निघून जाईल हो!" तर म्हणाले, "घाईने घेतलेला निर्णय निस्तरायला पिढ्या जातात." जेवणवेळ टळली तशी माणसं एकेक करून उठू लागली. ज्याने त्याने जाताना काकांच्या कुळाचा उद्धार केला. शेवटी काकांनी माना मोजल्या आणि गरजले, "कोरम संपला! सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा भरेल. सर्वांनी ऐकलं?"

"ऐकलं, ऐकलं, बस करा!" म्हणत सरपंच पागोट्याने वारा घेत निघाले. कोरमशिवाय सभा ती काय होणार, अशा भरवशाने सगळा गाव जेवून सावलीला आडवा झाला. बाया तेवढ्या हलल्या नाहीत. त्यांना घरी जाऊन करायचं काय? चूलही पाण्यावाचून बंदच. थोड्या वेळाने बघतो तर त्या फडक्यातून रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी काढून मिरचीशी खात बसलेल्या. माझ्याही हातावर एक आली. काकाही त्यांच्यात बसून खात होते आणि तोंडात घास असताना तळटिपा देत होते.

अर्धा तास भरताच ते उठले. "तहकूब सभेला कोरम लागत नाही," त्यांनी भिंतीला सांगितलं. "अध्यक्ष हजर नाहीत, तेव्हा हजर असलेल्यांतून एक निवडा." बायांनी वस्तीतल्या राहीबाईला पुढे ढकललं. म्हातारी घाबरून म्हणाली, "मी काय करू, भाऊसायेब?"

"विचारा, बोअर कुठे हवी?"

"कुटं पायजे गं?" राहीबाई म्हणाली, आणि सगळ्या घागरी एकदम वर गेल्या. तहान म्हणजे काय, हे ठरवायला ज्या माणसाने सबंध सकाळ घालवली, त्याने निर्णय एका श्वासात घेतला.

सरपंच डोळे चोळत आले तेव्हा ओढ्यापलीकडे गाडी घरघरत होती. "सभा कवा झाली?" ते किंचाळले. "आपल्यासमोरच तहकूब झाली," काका अदबीने म्हणाले. "आपण 'ऐकलं' असं दोनदा म्हणालात." तेवढ्यात पाण्याचा पांढरा फवारा उसळला आणि सरपंचांची पुढची शिवी त्या गलक्यात वाहून गेली.

वस्तीवरच्या हातपंपाचं पाणी वाड्याने आठवडाभर शिवलं नाही. मग एक दिवस बैलगाडीवर पिंप आलं. म्हशींसाठी, असं गडी म्हणाला. त्या उन्हाळ्यात सरपंचांच्या दोन भाकड म्हशी पिंपावर पिंप पाणी प्यायल्या, आणि तरतरी मात्र सरपंचांच्या चेहऱ्यावर आली. काका रोज सकाळी पंपापाशी उभे राहून बायांना विचारत, "गोड आहे की मचूळ?" बाया कंटाळून पदरात हसत.

पाऊस पडायच्या आतच काकांची बदली जामखेडच्या पलीकडे एका उजाड गावी झाली. कुणी करवली, ते विचारायला नको. आम्ही चिडलो, तर काका बोट वर करून म्हणाले, "बदली हे धोरण आहे, शिक्षा नव्हे." सामान गाडीत चढवायला राहीबाई आली होती. तिने मावशीच्या हातात पाण्याने भरलेली कळशी दिली. काकांनी, नियमाप्रमाणे, पावती देऊ केली.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या चऱ्हाटाची गोष्ट मी बैठकीबैठकीतून तिखटमीठ लावून सांगत आलो. मूर्ख माणसाच्या हातून एकदा चुकून भलं झालं, असा तिचा शेवट करायचो. पण हल्ली त्यांचं ते बोट आठवलं की हसता हसता मध्येच थांबायला होतं. परवा मावशी निवडण घेऊन बसली होती. मी सहज विचारलं, "मावशे, काकांनी ते मुद्दाम केलं होतं का गं?"

मावशीने सुपातून मान वर केली नाही.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "चावडी आमच्या दारात हुती. तरी त्या दिशी पहाटंच उठवून टोपलंभर मिलोच्या भाकरी भाजून घेतल्या माझ्याकडनं."