आरमारातला बिल्ला

मये गावची सुमंगला हरवलेली कुत्री परसातल्या गोठ्यात सांभाळते, पण बिल्ला बघितल्याशिवाय एकही सोडत नाही. पाळी गावचा गोकुळदास शोधत शोधत आला, तसा गोठ्यातला टायगर शेपटी हलवत त्याच्या अंगावर चढला.

"बघ गे सुमंगलाबाय, माझोच मां?"

"पाव दिलो तर पाववाल्या पोदेराकय शेपटी हालयता तो. नाव-फोनाचो बिल्लो खंय?"

"घरा, आरमारात. हरवात म्हणान कुलपात ठेवलंय."

"बिल्लो सांभाळलंस आनी कुत्रो हरवलंस! जा, घेऊन ये."

गोकुळदास चरफडत घरचं कपाट उघडायला पाळीला गेला. दोराने बांधलेला टायगर फाटकाशी रडू लागला, पण सुमंगला बधली नाही. शेपटीच्या भरवशावर कुत्रं भलत्याच्याच हाती जायचं. बिल्ला आला. तिने तो टायगरच्या गळ्यात अडकवला, ओढून बघितला आणि त्यावरच्या नंबरावर फोन लावला. गोकुळदासाच्या खिशात वाजला, तेव्हाच तिने दोर सोडला.