ब्रेकला वारा

अब्राहाम पाटोळे वारले तेव्हा नगरमध्ये सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, की कँटोनमेंटच्या रस्त्यावरचं त्यांचं गॅरेज आता बंद होणार. मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी हन्ना, लग्न न झालेली, तिशीला टेकलेली. दफनाहून परतलेले लोक अजून घरात चहा पीत होते, तेवढ्यात ती उठली, गॅरेजचं दार उघडलं आणि एका जीपचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला बसली. काळ्या कपड्यांतच.

गॅरेजच्या मागच्या बाजूला एक हिरवी विलायती गाडी होती. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, टप नसलेली. एका फौजी अधिकाऱ्यानं इंजिन फुटल्यावर ती तिथंच सोडून दिली होती. बापलेकीनं मिळून ती पुन्हा उभी केली होती. वडील गेल्यावर हन्नानं ती गाडी पुण्याजवळच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीला न्यायचं ठरवलं. ही गोष्ट एकाहत्तर सालची.

"रविवारी शर्यत?" आई सारा म्हणाली. "चर्चचे पाळकसाहेब काय म्हणतील?"

"रविवारी फौजेच्या गाड्या दुरुस्त करायला बाबा जायचे, तेव्हा काय म्हणाले होते?"

आईनं तोंड फिरवलं. पण डबा भरून दिला.

ती शर्यत फसली. सुरुवातीचे फेरे हन्ना पुढच्या गाड्यांना चिकटून होती. मग ब्रेक धरेनासे झाले. पाय पेडलवर पुरा दाबलेला, गाडी मात्र तशीच पळतेय. शेवटच्या वळणावर ती सरळ गवताच्या भाऱ्यांत घुसली. बाहेर आली तेव्हा पुढच्या चाकांतून धूर निघत होता आणि जळक्या ब्रेकचा वास सुटला होता.

शर्यत भरवणाऱ्या क्लबचे, गाड्या तपासणारे एक साहेब होते, दिघे नावाचे. ते चार लोकांसमोर हसून म्हणाले, "बाईंच्या पायात ब्रेक दाबण्याएवढं बळ कुठून यायचं? मोटार म्हणजे शिलाई मशीन नव्हे."

हन्नानं गाडी ओढून नगरला आणली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुढची चाकं काढली. सोबतीला मच्छिंद्र होता, पाथर्डीकडचा, तिच्या वडिलांच्या वेळचा जुना फिटर. चाकाच्या आतला ब्रेकचा लोखंडी ड्रम तापून निळा पडला होता.

"पाय कमी न्हाई पडला तुमचा," मच्छिंद्र म्हणाला. "हितं वाराच लागत न्हाई. सगळं कोंडून ऱ्हातंय."

"मग वारा आणू."

बोलायला सोपं होतं. तिनं डालड्याचे डबे कापून दोन रुंद तोंडाची नरसाळी केली आणि पुढच्या बंपरखाली बसवली. ड्रमच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून त्यावर जाळी लावली. नरसाळ्यापासून त्या भोकापर्यंत ट्रकच्या ट्यूबची नळी जोडली. म्हणजे गाडी पळेल तशी समोरची हवा थेट ब्रेकवर जाईल.

पारखून बघायला गाडी इमामपूरच्या घाटात नेली, तर उतरताना पहिल्याच मोठ्या वळणावर चाक वळलं आणि नळी टायरला घासून फाटली. दुसऱ्या बाजूची ड्रमच्या उष्णतेनं वितळून चिकटली. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांनी वाकून पाहिलं आणि मनमुराद हसले.

"गाडीला सर्दी झाली काय, बाई?"

"झालीय," हन्ना म्हणाली. "औषध शोधतेय. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर बाजूला व्हा. सावली पडतेय."

तंबूचं जाड कापड तिला भिंगारच्या बाजारात मिळालं. तारेची गुंडाळी करून त्यावर हे कापड शिवायचं, म्हणजे नळी वाकेलही आणि चेपणारही नाही. पण शिवायचं कुणी? हन्नाला सुईचा कंटाळा. शेवटी साराबाईच मशीनवर बसल्या. सुया मोडत होत्या, त्या बडबडत होत्या, पण थांबल्या नाहीत.

"त्या मेल्यानं शिलाई मशीनला नावं ठेवली ना?" त्या म्हणाल्या. "आता दुहेरीच शिवण घालते."

हन्नानं यावेळी नळी आतल्या अंगानं घेतली आणि चाक दोन्ही बाजूंना पुरतं वळवून मच्छिंद्रला खाली झोपून बघायला सांगितलं. कुठं घासत नाही म्हटल्यावर पट्टीनं आवळली. मग घाट. वर जायचं, जोरात खाली यायचं, ब्रेक दाबायचे, पुन्हा वर. कितीतरी खेपा झाल्या. खाली येऊन मच्छिंद्रनं ड्रमजवळ हात नेला.

"गरम हाय," तो म्हणाला, "पर जळत न्हाई."

पुढच्या वर्षी तपासणीला पुन्हा दिघेसाहेबच. नळ्यांकडे बघून त्यांनी मान हलवली. "हे काढा. कुणाच्याच गाडीला असलं काही नाही."

"म्हणून तर त्यांचे ब्रेक जातात."

"काढायचं नसेल तर निकालात धरणार नाही. सगळ्यांच्या मागून सुटायचं, नंबर मिळणार नाही."

हे ऐकून मच्छिंद्रनं नळ्या सोडवायला खिशातला पाना काढला. हन्नानं त्याचा हात धरला. "राहू दे. नंबर त्यांना ठेवू देत."

ती सगळ्यांच्या मागून सुटली. ब्रेक तापत गेले तसे बाकीचे वळणाआधी लवकर ब्रेक दाबू लागले. हन्ना मात्र शेवटच्या फेऱ्यातही पहिल्या फेऱ्याइतकीच उशिरा दाबत होती. एकेक गाडी मागे पडत गेली. तिसरी म्हणून तिनं रेघ ओलांडली. भोंग्यावर तिसरं नाव दुसऱ्याच कुणाचं तरी आलं. ती दिघेसाहेबांसमोर गाडी नेऊन थांबली आणि इंजिन बंद न करता म्हणाली, "पुढच्या वर्षी येईन. नळ्यांसकट."

त्र्याहत्तरच्या जानेवारीत ती गेली तेव्हा आणखी दोन गाड्यांच्या पुढे पत्र्याची नरसाळी लागलेली होती. दिघेसाहेबांनी ती पाहिली, मग हन्नाची पाहिली आणि यादीवर खूण करून पुढे गेले. यावेळी तिला निकालात धरावंच लागलं. ती दुसरी आली.

बक्षिसाचा पितळी पेला आधीच कोरून आणलेला होता. त्यावर लिहिलं होतं, 'दुसरा पुरुष चालक'. देणारे ओशाळून म्हणाले, "नवा करून पाठवू, बाई."

"कशाला? मच्छिंद्रभाऊ, कानस आणा."

तिनं सगळ्यांसमोर पेला गुडघ्यात धरला आणि 'पुरुष' हा शब्द घासून घासून पुसला. पितळेचा चुरा साडीवर सांडला. मग तो झटकून ती उठली, पेला मच्छिंद्रच्या हातात दिला आणि गाडी तापली का ते बघायला गेली.