केबलच्या दगडावरचा शेंदूर

२०२३ साल. मी शहात्तरचा. मांजरीत तोवर ऊस मागे हटला होता, इमारती पुढे आल्या होत्या. नातवाचं लग्न त्या दिवशी मुलीच्या गावी होतं आणि गुडघ्यांनी मला घरी बसवलं होतं. माझ्याकडे एकच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी नातसून आली, की गावाच्या शिवेवर तिच्यावरून नारळ ओवाळून फोडायचा. त्याशिवाय आमच्याकडे नवी सून गावात घेत नाहीत.

दुपारी पुण्यातून चार निवृत्त साहेब दारात उगवले. इंग्रजांच्या काळातले सरकारी नकाशे घेऊन गावं हुंगत फिरायचा यांना नाद. पायात डोंगर चढायचे बूट, चालायचं डांबरावर.

"आजोबा, आपल्या गावाची जुनी शीव कुठे हो?"

"डोळं हायेत ना? त्यो काय शेंदराचा दगड."

दगड माझ्या दारासमोरच, रस्त्याकडेला; शेंदूर माझ्या चुलतभावाने फासलेला. रस्ता रुंद झाल्यापासून सगळ्या गावाचे नारळ तिथेच फुटत होते. एका साहेबाने वाकून नखाने शेंदूर खरवडला.

"अहो, यावर 'खाली केबल आहे' असं लिहिलंय. आपण टेलिफोनला नारळ वाहता?"

चौघेही हसले. देवाला नख लावणारा माणूस मी माणसात धरत नाही.

"नकाशा काढणाऱ्या गोऱ्याला इथलं पाणी तरी पचलं होतं का?"

"पचलं असावं. विहीर तर बरोबर दाखवलीय त्याने."

त्याने नकाशा माझ्यापुढे उलगडला. मला वाचता येतं जेमतेम, पण चित्र कळतं. ओढ्याचं वळण, त्याला लागून आमची विहीर, आणि विहिरीला घासून गेलेली ठिपक्यांची शीव. लहानपणी म्हैस विहिरीपलीकडे गेली की शेजारच्या गावची पोरं दगड मारायची, ते उगाच नव्हतं. ती विहीर बुजवून आता एका सोसायटीची जिम उभी आहे.

"घ्या तुमचा कागद," म्हणालो. चहा विचारला नाही. विचारणारही नव्हतो.

संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. "दादा, दगड धुऊन ठिवलाय. उद्या नारळ तिथंच ना?"

"तो दगड टेलिफोनचा हाय. त्याच्याशीच बोल," म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरानवरीची गाडी मी जिमसमोर थांबवली. काचेआड माणसं पट्ट्यावर धावत होती, जागच्या जागी. वॉचमन ओरडला, "बाबा, इधर नहीं!" मी नातसुनेवरून नारळ ओवाळला आणि जिमच्या पायरीवर फोडला.